एक ते सव्वादोन

सीएचा निकाल लागला तेव्हा माझ्या पुढच्या आयुष्याबद्दल आमच्या घरात दोन मतं होती, आणि दोन्ही माझी नव्हती. अण्णांचं म्हणणं, एका मोठ्या कंपनीचं अकाउंट्स ऑफिसरचं पत्र घरी चालत आलंय तर ते घ्यावं. कंपनीची बस नाक्यावर येते, कॅन्टीन आहे, साडेसहाला मुलगी घरात. आईचं म्हणणं, कुठलीही नोकरी घे पण ऑडिटची नको. ऑडिटवाल्या मुली आज नाशिकला तर उद्या सुरतेला, बघायला येणाऱ्यांना आम्ही काय सांगायचं? तिसरं मत दामले सरांचं. त्यांच्या फर्ममध्ये मी उमेदवारीची तीन वर्षं काढली होती. ते म्हणाले, "सावंत, तू राहिलीस तर मला बरं वाटेल. पगार त्यांच्या निम्माच देईन. एप्रिल संपेपर्यंत सांग." सर एवढंच बोलायचे.

ईरा, मागच्या रविवारी तू फोनवर विचारलंस, "आजी, तू ऑडिटच का घेतलंस?" तुझ्यापुढेही आता दोन पत्रं आहेत, म्हणून विचारलंस. मी "सवय झाली गं" असं काहीतरी म्हणून विषय बदलला. ते खरं उत्तर नव्हतं. खरं उत्तर इथे लिहिते आहे, आणि मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत मी ही गोष्ट एकदा लिहिली होती आणि ती चुकीची लिहिली. तुमची आई वाचून दाखवेल. तुझ्या भावाला, नीललाही, शेजारी बसवा.

आम्ही तेव्हा वाशीत राहत होतो, बैठ्या चाळीसारख्या ओळीतल्या दोन खोल्यांत. वाशी म्हणजे त्या काळी आखलेले रस्ते, त्यांच्या कडेला लावलेली काठीएवढी झाडं आणि मध्ये मोकळी रानं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात अण्णा हेडक्लार्क होते आणि आमचं घर त्या कारखान्याच्या भोंग्यावर चालायचं. सातच्या भोंग्याला अण्णा चपला घालत, तीनच्या भोंग्याला आई दुपारच्या झोपेतून उठे, अकराच्या भोंग्याला दिवा बंद. वारा खाडीकडून आला की चिखलाचा आणि मिठाचा वास, कारखान्यांकडून आला की सडक्या अंड्यांचा. आई वाऱ्याचा अंदाज घेऊन कपडे वाळत घालायची. जेवण साधं: कुळथाची पिठी, भात, भाजलेला बोंबील, आणि निकाल लागला त्या दिवशी तांदळाची खीर, ती मात्र शेजारच्या सहा घरांत वाटून उरलेली. आईचा एक नियम होता, कोणाचा डबा रिकामा परत करायचा नाही. काही नसेल तर चार दाणे साखरेचे, पण रिकामा नाही.

मी नीटनेटकी मुलगी होते. तुम्ही दोघं माझ्या कपाटाला हसता, ते कपाट तेव्हाही असंच होतं. इंग्रजी शाळेतल्या सिस्टरनी लावलेल्या कितीतरी सवयी माझ्या अंगात होत्या. इंग्रजी सात लिहिला की त्याच्या पोटातून एक आडवी रेघ ओढायची, ही त्यातली एक. आजही चेकवर मी तशीच रेघ ओढते आणि बँकेतली मुलगी हसते.

मार्चअखेर आली. आमच्या धंद्यात तो दिवस मोजणीचा. एका केमिकल कारखान्याला बँकेनं मालावर कर्ज दिलं होतं. माल जितका जास्त दिसेल तितकं कर्ज जास्त. म्हणून वर्षाच्या शेवटच्या दिवशी आमच्यापैकी कोणीतरी जाऊन माल स्वतःच्या डोळ्यांनी बघून मोजायचा. सगळीकडे एकाच दिवशी मोजणी असल्यानं प्रत्येकाच्या वाट्याला एकेक जागा आली आणि घराजवळचा म्हणून हा कारखाना माझ्या वाट्याला आला. दामले सरांनी पहिल्या वर्षी शिकवलेले नियम पाठ होते. मोजलेल्या प्रत्येक पिंपावर निळ्या खडूनं नंबर टाकायचा. मोजून झालेल्या गोदामाला कुलूप लावायचं आणि चावी, काम संपेपर्यंत, आपल्या पर्समध्ये.

आणखी एक नियम होता, तो सरांनी शिकवला नव्हता. मोजणीच्या दिवशी पाणी प्यायचं नाही. सकाळी अर्धा कप चहा, त्यानंतर थेट घरी येऊन. कारण कारखान्यांत बायकांची सोय नसे. बाई येईल असं ते बांधताना कोणाच्या डोक्यातच आलेलं नसायचं. माझ्याबरोबर सीए करणाऱ्या दोन मुलींनीही हेच करून दिवस काढले, आणि आम्ही तिघी एकमेकींशीसुद्धा त्याबद्दल कधी बोललो नाही. आता माझ्या बाल्कनीतून उलव्याच्या बाजूला उतरणारी विमानं दिसतात. त्या विमानातसुद्धा सोय असते. तुम्हाला हे सगळं फार जुनं वाटेल. मला ते काल घडल्यासारखं आठवतं, विशेषतः पोटात.

कारखान्याचा स्टोअरकीपर होता हसुराम. पन्नाशीचा, काटक, कानावर पेन्सिल. बोनकोड्याकडचा माणूस, खाडीकाठची भातशेती नव्या शहरात गेली आणि त्या बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली, ती ही. सकाळभर आम्ही रस्त्याच्या अलीकडचं गोदाम मोजलं. तो पिंपावर बोटाच्या मागच्या बाजूनं टकटक करी, आवाजावरून भरलेलं की अर्धं ते सांगे, आणि मी नंबर टाकी. पत्रा तापला होता. मध्येच तो थांबून म्हणाला, "मॅडम, तुमच्या साताला कंबरपट्टा कशाला बांधलाय?"

"सवय आहे, काका."

"बरी हाय. सात नटलेला दिसतोय."

मी हसले, आणि हसताना मला कळलं की आता फार वेळ निघणार नाही. त्या दिवशी निघताना आईनं आग्रहानं ताक पाजलं होतं.

एक वाजता त्या गोदामाची मोजणी संपली तेव्हा मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मॅनेजर, सबनीस नावाचे गृहस्थ, गोरे, हसतमुख, माझ्याकडे एकदा बघून काय ते समजले. "हसुराम, मॅडमना घरी घेऊन जा तुझ्या. तुझ्याकडे ती सोय आहे ना? सगळ्या कारखान्याला सांगत असतोस." खरंच होतं ते. हसुरामनं पगारातून परसात पत्र्याचा संडास बांधला होता आणि त्यांच्या आळीत तो एकच होता. "आणि जेवूनच या, मॅडम. घाई नाही. चावी राहू दे माझ्याकडे, मध्येच एखादी गाडी भरायची झाली तर."

हसुराम कुलूप लावत होता. तो वळला. "साहेब, चावी मॅडमकडं असतेय ना? मागल्या वर्सी त्या साहेबांनी ठेवली व्हती."

दोघंही माझ्याकडे बघू लागले. मला त्या क्षणी फक्त चालायला सुरुवात करायची होती. मी म्हटलं, "असू दे त्यांच्याकडे."

घर दहा मिनिटांवर होतं. ती दहा मिनिटं मी लिहीत नाही. हसुरामची बायको जनाबाय दारातच होती. तिनं एकदा बघितलं आणि काही न विचारता बादली भरून मागच्या दाराकडे बोट केलं. मी परत आले तेव्हा ताट वाढलेलं. खाडीची कोलंबी शेवग्याच्या शेंगांत, तांदळाची भाकरी, इतकी पातळ की हाताचा तळवा खालून दिसावा, आणि वालाचं बिरडं. "लाजाचं नाय गो बाय," ती म्हणाली, "पोरगी एवढी शिकली आनि पानी पियाला घाबरते?" मी दोन तांबे पाणी प्यायले. तेव्हाचं ते पाणी अजून आठवतं. हसुराम पलीकडे बसून मुकाट्यानं जेवत होता आणि मधूनमधून घड्याळ बघत होता. "चला आता," तो दोनदा म्हणाला, आणि दोन्ही वेळा जनाबायनं त्याला गप्प केलं. निघताना तिनं माझ्या आईसाठी कोलंबीचा डबा बांधून दिला.

सव्वादोनला आम्ही रस्त्याच्या पलीकडच्या दुसऱ्या गोदामात शिरलो. तिथे गारवा होता, आणि त्या गारव्यात काही पिंपांच्या अंगावर ओल होती. एवढ्या उन्हाळ्यात ओल कसली, म्हणून मी बोट फिरवलं. बोट निळं झालं. खडू पुसलेला होता. मी एकेक ओळ बघत भिंतीपर्यंत गेले. सगळ्यात मागचं एक पिंप भिंतीकडे तोंड करून होतं. मी त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये मान घातली. एकशे सत्त्याहत्तर. दोन्ही सातांना कंबरपट्टे.

हसुराम माझ्या खांद्यावरून बघत होता. "मॅडम, हा तर..." एवढं म्हणून तो थांबला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. दारात सबनीस उभे होते. मी हसुरामच्या चेहऱ्याचा अर्थ लावला. माझ्या हाताला अजून कोलंबीचा वास येत होता आणि मला वाटलं, हे जेवण मला सवा तास बाहेर ठेवण्यासाठी होतं. दोनदा 'चला' म्हणणारा माणूस मला त्या वेळी आठवला नाही.

दुसऱ्या दिवशी दामले सरांच्या ऑफिसात रिपोर्ट लिहिला. छोटी खोली, चार टेबलं, तीन उमेदवार मुलगे. सर शाबास म्हणाले, आणि ते शाबास फारसे म्हणत नसत. पहिल्या गोदामातली मोजलेली चाळीस पिंपं दुसऱ्यात नेऊन दोनदा दाखवली होती. मग त्यांनी पेनचं टोपण काढलं.

"एक ते सव्वादोन तू कुठे होतीस?"

"जेवायला."

"कोणाकडे?"

"स्टोअरकीपरच्या घरी."

सरांच्या भुवया वर गेल्या. "का?"

तिघं मुलगे लिहायचे थांबले होते. मी म्हटलं, "तो घेऊन गेला."

"आणि चावी?"

"कारखान्याच्या माणसांकडेच होती."

ही तिन्ही उत्तरं खरी आहेत. मी ती कितीदा तपासली आहेत, तुम्हाला सांगून खरं वाटणार नाही. त्या खोलीत, त्या मुलांसमोर, मला संडासाला जायचं होतं हे मी मेले असते तरी उच्चारलं नसतं. आणि पहिल्या वर्षीचा नियम, स्टोअरकीपरनं आठवण करून देऊनसुद्धा, मी मोडला, हे सांगितलं असतं तर 'तू राहिलीस तर मला बरं वाटेल' हे वाक्य सरांनी मागे घेतलं असतं, अशी मला भीती होती. म्हणून रिपोर्टात इंग्रजीतून असं गेलं की, दुपारी एक ते सव्वादोन स्टोअरकीपर ऑडिट स्टाफला आपल्या घरी जेवायला घेऊन गेले, आणि त्या वेळात चावी कारखान्याच्या कर्मचाऱ्यांकडे होती. वाक्य सुबक होतं. एकही शब्द खोटा नव्हता.

तीन आठवड्यांनी आईला फडताळात तो डबा दिसला. "शालू, हा त्यांचा डबा गं. किती दिवस झाले! लोक काय म्हणतील?" तिनं नारळाच्या वड्या केल्या, डबा भरला आणि रविवारी सकाळी मला धाडलं. मी आनंदानं गेले असं म्हणवत नाही, पण घाबरूनही गेले नाही. कारखान्यात चौकशी झाली असेल, ज्याचं त्याला कळलं असेल, एवढाच विचार.

हसुराम ओट्यावर बसला होता. कानावर पेन्सिल नव्हती. जनाबाय आतून आली आणि उभीच राहिली. बस म्हणाली नाही.

"काढला त्याला," ती म्हणाली. "तुझा कागद वाचून दावला साहेबानं. ह्यानंच तुला घरी नेली, मागं आपल्या मानसांकडनं पिंपं हलवली, चोरी झाकाला. आसं लिवलंय म्हनं तू."

"मी असं नाही लिहिलं, काकी. मी फक्त—"

"घरी नेली, हे लिवलंस?"

"हो."

"कशाला नेली, ते लिवलंस?"

मी डबा या हातातून त्या हातात घेतला.

"चावी कोनाला दिलीस, ते लिवलंस?"

समोरच्या घरातली बाई सूप पाखडायची थांबली होती. हसुराम जमिनीकडे बघत म्हणाला, "जाऊ दे गो. पोर हाय."

"पोर हाय? मापं घेनारी मोठी, नि पोर हाय?" मग ती माझ्याकडे वळली, आणि तिचा आवाज उलट खाली आला. "तुझ्या अडचनीला दार उघडलं बाय मी. जमीन गेली तवा एक नोकरी मिलाली. आता जमीनपन नाय नि नोकरीपन नाय." तिनं माझ्या हातातून डबा घेतला, उघडला, वड्या एकेक करून वर्तमानपत्राच्या तुकड्यात काढल्या, नीट घडी घातली आणि पुडा माझ्या हातात ठेवला. "हे तुझं. डबा आमचा हाय."

बसस्टॉपवर बसून मी त्या सगळ्या वड्या खाल्ल्या. फेकायची हिंमत झाली नाही आणि घरी न्यायची तर नव्हतीच. आईनं विचारलं, आवडल्या का त्यांना? मी हो म्हटलं. आई जाईपर्यंत तिला ते तसंच माहीत होतं.

सोमवारी मी सरांना सगळं सांगितलं. खोलीतल्या तिघांसमोरच सांगितलं, तो शब्दसुद्धा वापरला. कोणी हसलं नाही. सरांनी चष्मा पुसून परत लावला. "रिपोर्ट गेला आहे, सावंत. त्यात खोटं काही नाही. मागे घेता येणार नाही."

"एक पुरवणी जोडू या, सर."

"काय म्हणून? आमच्या स्टाफनं चावी सोडली म्हणून? फर्मच्या लेटरहेडवर?" मग म्हणाले, "तू लिही, तुला वाटलं तर. साध्या कागदावर."

मी साध्या कागदावर लिहिलं. कारखान्याला एक, बँकेला एक. कारखान्याकडून उत्तर आलं नाही. बँकेकडून दोन ओळी आल्या, आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. सबनीस पुढे बढती घेऊन बडोद्याला गेले. मी दोन वेळा हसुरामकडे पैसे घेऊन गेले, दोन्ही वेळा दार लावलेलं होतं. दुसऱ्या वेळी आतून भाकरी थापण्याचा आवाज येत होता. पुढे कळलं, तो उरणला मिठागरावर हमालीला जातो, पहाटे निघतो. त्या वयात. चार-पाच वर्षांनी त्याच्या मरणाची बातमी अण्णांच्या ऑफिसातल्या कोणीतरी सहज सांगितली. कशानं, ते त्यालाही माहीत नव्हतं. मी विचारून घ्यायला हवं होतं. विचारलं नाही.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी मी कंपनीला नकार कळवला. अण्णा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि आईनं देवापुढे बसून माझ्याशी बोलून घेतलं. सगळ्यांना वाटलं मला सरांच्या फर्मचा मोह पडला. सरांनाही तसंच वाटलं असावं. ईरा, मी काही मोठ्या तत्त्वासाठी ऑडिट घेतलं नाही. मला वाटत होतं की, मी त्या कंपनीच्या बसमध्ये बसून साडेसहाला घरी येऊ लागले, तर ते सुबक वाक्य माझं शेवटचं वाक्य ठरेल. ते मला चालणार नव्हतं. त्यानं हसुरामला काही मिळालं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

पुढे चौतीस वर्षं मी मोजण्या केल्या आणि करवून घेतल्या. कुठल्याही कारखान्यात अन्नाला हात लावला नाही. लोक मला शिष्ट म्हणत. माझ्या हाताखालच्या मुलामुलींना मोजणीच्या कागदावर एक जास्तीचा रकाना भरावा लागे: कोणत्या वेळी तुम्ही जागेवर नव्हता, कशासाठी, आणि तेव्हा चावी कोणाच्या हातात होती, नावानिशी. एकदा एका मुलीनं हसत विचारलं, "मॅडम, टॉयलेटला गेले तरी लिहायचं?" मी म्हटलं, "तेच आधी लिहायचं." ती मला चक्रम समजली असेल.

तू कुठलं पत्र निवडावंस ते मी सांगणार नाही. दोन्ही चांगली आहेत. त्या रिपोर्टाची प्रत माझ्याकडे नाही. फर्म बंद झाली, कागद रद्दीत गेले. पण ती जागा मला पाठ आहे, तिसऱ्या पानावर, वरून दुसरा परिच्छेद. तिथे जे लिहायला हवं होतं ते इथे लिहून ठेवते.

दुपारी एक ते सव्वादोन मी गोदामात नव्हते. मला शौचाला जायचं होतं आणि कारखान्यात बाईसाठी सोय नव्हती. चावी माझ्याकडे असावी असं स्टोअरकीपर हसुराम यांनी सांगितलं होतं. मी ती मॅनेजरकडे राहू दिली. त्या सबंध वेळात हसुराम माझ्यासमोर बसून जेवत होते.